पितृपक्षातलं अंदमान

मुलगी नववीत गेली त्या वर्षी तिच्या शाळेला समुद्र दाखवायची हुक्की आली. देवासमधल्या मुलांना समुद्र दाखवायला हरकत काहीच नाही. आमच्याकडे पाण्याचा टँकर आला तरी मुलं गोळा होतात. पण जवळपासचा समुद्र शाळेला पसंत नव्हता. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली: शैक्षणिक भ्रमण, अंदमान, विमानाने, मुक्काम समुद्राकडे तोंड असलेल्या हॉटेलात, आणि पाण्याखाली बुडी मारायची असल्यास पैसे वेगळे. एकोणतीस हजार रुपये, तीन हप्त्यांत. सगळ्यात खाली लिहिलं होतं की भ्रमण ऐच्छिक आहे. जी मुलं जाणार नाहीत त्यांनी त्या पाच दिवसांत शाळेत बसून अंदमानावर प्रोजेक्ट करायचा होता.

माझं बालपण धारला गेलं. आमच्या शाळेची सहल दर वर्षी मांडूला जायची. मांडू तिथून हलत नव्हतं आणि शाळेचा विचारही बदलत नव्हता. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घरून न्यायची, बसचे पैसे वर्गशिक्षकांच्या हातात द्यायचे आणि संध्याकाळी उन्हाने काळं होऊन परत यायचं. आमच्या सहलीला कुणी भ्रमण म्हटलं नाही, त्यामुळे ती स्वस्तात झाली.

मी एका खाजगी शाळेत गणित शिकवतो. मुलीची शाळा वेगळी, माझ्यापेक्षा बऱ्या मालकाची. माझ्या पगाराबद्दल एवढंच सांगतो की त्याच्याकडे बघून गणिताची आवड वाढत नाही. बायको घरी साड्यांना फॉल-पिको करते. पहिला हप्ता तिच्या बीसीतून गेला. दर महिन्याला दहाजणी पैसे जमवतात आणि चिठ्ठी काढून एकीला देतात ती बीसी. तिने त्यातून मिक्सर घ्यायचं ठरवलं होतं. दुसऱ्या हप्त्यासाठी मी दिवाळीची उचल गणपतीतच घेतली. तिसऱ्या हप्त्याच्या नऊ हजारांसाठी आमच्याकडे काही म्हणता काही नव्हतं, आणि तो नवरात्र बसायच्या आत भरायचा होता.

मुलीने हट्ट केला असता तर बरं झालं असतं. हट्टाला नाही म्हणता येतं. तिने काही मागितलं नाही. ती फक्त जेवताना मधेच विचारायची, "बाबा, समुद्राचा आवाज रात्री पण बंद होत नाही न?" किंवा, "बाबा, पाणी खरंच खारं असतं की बस थोडं थोडं?" मी भरती-ओहोटी समजावून सांगायचो. ते ती निमूट ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी आवाजाचंच विचारायची. तिला समुद्र बघायचा होता, आणि तो तिने बघावा असं मला तिच्याहून जास्त वाटत होतं. मी स्वतः चाळिशी ओलांडून गेलो तरी समुद्र बघितलेला नव्हता.

त्याच सुमारास आमच्याकडे गुरुजी आले. देवासच्या जुन्या मराठी घरांतली कार्यं तेच करतात. बायकोकडे त्यांच्या मंडळींची साडी होती, ती न्यायला आले होते. चहा घेता घेता म्हणाले, "पितृपक्ष तोंडावर आला, आणि माझी पंचाईत झाली आहे. जोडीचे भटजी मुलाकडे पुण्याला गेले ते गेलेच. श्राद्धाला दोन पानं लागतात. मंत्र मी म्हणतो, देवांच्या पानावरही मीच बसतो. पितरांच्या पानाला माणूस मिळत नाही."

"दुसरे कोणी नाहीत?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"आहेत की, पण त्यांना आमसुलाची चटणी आणि अळूची भाजी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. यजमानांना मराठीच माणूस हवा." मग त्यांनी माझ्याकडे खरेदी करायच्या बैलाकडे बघतात तसं बघितलं. "सर, तुमची मुंज झालेली आहे, पत्नी हयात आहे, दात शाबूत आहेत. आणखी काय लागतं?"

मी म्हटलं, "गुरुजी, माझा या गोष्टींवर विश्वास नाही."

"श्रद्धा यजमानाची लागते, सर. जेवणाऱ्याला भूक असली की पुरे."

दक्षिणा काय मिळते ते बायकोने विचारलं. मी विचारलं नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

यातली अडचण लक्षात यायला माझे वडील माहीत असायला हवेत. धारला ते एका जुन्या सरदार घराण्याच्या खाजगी देवळात पूजा करायचे आणि पितृपक्षात घरोघर पितरांच्या पानावर बसायचे. मालव्यात पंगतीला बसून जेवण्याला जीमना म्हणतात. पंधरा दिवस शाळेत मुलं मला विचारायची, "क्यों बे, तेरे पापा आज किसके यहाँ जीमे?" मी त्या पंधरा दिवसांत वडिलांशी बोलायचो नाही. मोठा झालो, विज्ञान शिकलो आणि त्यांना तोंडावर सांगितलं की हे सगळं थोतांड आहे. ते गेले तेव्हा तेरा दिवस केले, आणि त्यानंतर कधीही त्यांचं श्राद्ध केलं नाही. त्या ऐवजी दर वर्षी शाळेच्या वाचनालयाला एक पुस्तक द्यायचं ठरवलं होतं. दोन वर्षं दिलं.

आणि मुलगी सातवीत असताना तिला अंधश्रद्धेवर भाषण मीच लिहून दिलं होतं. गच्चीवर ठेवलेली खीर परलोकात पोचते, तर तळमजल्यावरच्या भाडेकरूपर्यंत का पोचत नाही, असा त्यात सवाल होता. टाळ्या पडल्या, पहिला नंबर आला, बक्षीस म्हणून थर्मास मिळाला. त्या थर्मासातला चहा पिऊन मी प्रतिपदेला माझ्या पहिल्या श्राद्धाला गेलो. मुलीला सांगायचं नाही, असं बायकोकडून वचन घेतलं. ती म्हणाली, "मी कशाला सांगू? मला कुठे लाज वाटते?"

माझी शाळा सकाळची. एकला सुटायची. मी सायकल स्टँडवरून थेट गुरुजींकडे जायचो, तिथे पँट-शर्ट उतरवून धोतर नेसायचो, आणि दीडच्या सुमाराला कुणाच्या तरी घरी पाटावर बसायचो. गुरुजींनी नियम सांगून ठेवले होते. सकाळपासून अन्न घ्यायचं नाही, चहा फार तर चालेल. जेवताना बोलायचं नाही. जेवल्यावर त्या दिवशी पुन्हा जेवायचं नाही, ओझं उचलायचं नाही, प्रवास करायचा नाही. मुलीच्या प्रवासासाठी जेवणाऱ्याला प्रवासाची बंदी, हे मला गमतीचं वाटलं. गुरुजींना वाटलं नाही.

आणि एक प्रश्न असायचा. जेवण संपत आलं की यजमान हात जोडून विचारतात, "तृप्ताः स्थ?" तृप्त झालात का? त्यावर "तृप्ताः स्मः" म्हणायचं. आम्ही झालो.

"मी एकटाच तर असतो," मी गुरुजींना म्हटलं. "मग झालो आम्ही असं का म्हणायचं?"

"तुम्ही एकटे असता, सर. जेवणारे एकटे नसतात."

मी मनात म्हटलं, वड्यांची संख्या बघता हे खरं असेल.

त्या पंधरवड्यात मी कुणाकुणाचा बाप झालो याची गणती नाही. तहसीलदार झालो, मुनीम झालो, बागलीच्या एका निवृत्त हेडमास्तरांचा आजोबाही झालो. एका घरी मुलगा परदेशात होता. त्याने व्हिडिओ कॉल केला आणि सुनेने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून माझ्यासमोर उभा केला. तो तिकडून म्हणाला, "बाबांना खीर आवडली का?" मला बोलायची बंदी होती. मी मान हलवली. तिकडे तो रडायला लागला, इकडे त्याची आई रडायला लागली. मी वीस वर्षं शिकवतो आहे. इतक्या कमी श्रमात इतका परिणाम मला वर्गात कधी साधलेला नाही.

दक्षिणा पाचशे एक, सोबत एक पंचा आणि एक स्टीलचा तांब्या. तिसऱ्या दिवसापासून तांबे कपाटात मावेनात. नवमीला तर बायकोलाच दोन घरची आमंत्रणं आली. सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, आणि देवासमध्ये मराठी सवाष्णींचीही टंचाई आहे. ती दोन साड्या घेऊन आली आणि म्हणाली, "बघा, तुमच्यापेक्षा माझा भाव जास्त आहे."

मी संध्याकाळी घरी यायचो तो तुडुंब होऊन. जेवणाची वेळ झाली की म्हणायचो, "मला भूक नाही." सकाळी मुलीसमोर पोह्यांची बशी यायची तेव्हा म्हणायचो, "मी नुसता चहा घेतो." पट्टा आवळेना, म्हणून मी खिळा तापवून त्याला एक भोक वाढवलं. मुलगी खाली मान घालून जेवायची. गणिताचा मास्तर असून मला दोन अधिक दोन दिसले नाहीत.

द्वादशीला रविवार होता. गुरुजींनी धारचं एक घर घेतलं होतं, दक्षिणा दुप्पट, कारण जायला शंभर किलोमीटर. घराच्या गल्लीत शिरलो तेव्हा लक्षात आलं, की ही गल्ली मी लहानपणी टाळायचो. यजमान ऐंशीच्या पुढचे होते. त्यांनी माझं आडनाव विचारलं आणि चष्मा वर केला.

"म्हणजे देवळातल्या भटजींचे आपण चिरंजीव?"

मी हो म्हटलं.

"अहो, मग विचारता काय! आपले तीर्थरूप वीस वर्षं याच पाटावर बसत होते. बसावे, बसावे."

मी त्या पाटावर बसलो. गुरुजींनी संकल्प सुरू केला. आज कोणता पक्ष, कोणती तिथी, सगळं ते नेहमीच्या घाईत म्हणून गेले, आणि "द्वादश्यां" एवढा शब्द माझ्या कानात अडकला. माझे वडील द्वादशीला गेले होते. त्यांची तिथी होती, आणि मी त्यांच्या पाटावर बसून दुसऱ्याच्या वडिलांच्या नावाने आचमन करत होतो.

मी जेवलो. काय करणार, पान वाढलेलं होतं. शेवटी यजमानांनी हात जोडून विचारलं, "तृप्ताः स्थ?" मला पाचची बस पकडायची होती. मी ताबडतोब म्हटलं, "तृप्ताः स्मः."

म्हातारबुवा किंचित हसले. हात धुताना म्हणाले, "आपले वडील लगेच हो म्हणत नसत. विचारलं की जरा थांबायचे. डोळे मिटून बसायचे. मी एकदा म्हटलं, भटजी, एवढा विचार कसला? तर म्हणाले, हे उत्तर माझं नाही, ज्यांचं आहे त्यांना विचारून सांगावं लागतं." मग त्यांनी सहज विचारलं, "त्यांची तिथी कोणती?"

मी म्हटलं, "येईल अजून." आणि बसमध्ये बसून, पोटात पाच वडे घेऊन, बंदी असलेला प्रवास करत इंदूरमार्गे देवासला आलो. वाटेत मला माझी मनापासून लाज वाटली. वडिलांची वाटायची तशी नाही. ही वेगळी होती.

चतुर्दशीला मी पुन्हा कुणाचा तरी बाप होऊन पानावर बसलेलो असताना पिशवीतला फोन थरथरू लागला. मौन असल्यामुळे घेता आला नाही. बाहेर येऊन बघितलं तर मुलीच्या वर्गशिक्षिकेचा निरोप होता. "सर, बिटिया ने टूर से नाम वापस ले लिया है। कह रही है घर में प्रॉब्लम है। पहली दो किस्तें नियम से वापस नहीं होंगी। नाम रखना हो तो आख़िरी किस्त कल शाम तक जमा कर दें।"

घरी गेलो. मुलगी ओट्याशी उभी होती, तिच्यासमोर झाकलेली ताटली होती. आत तिच्या डब्यातल्या दोन पोळ्या आणि भेंडीची भाजी होती.

"हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. बसा आणि खाऊन घ्या."

"मला भूक..."

"बाबा, बस करा न आता!" ती एवढ्या जोरात ओरडली की बायको मशीन थांबवून आत आली. "मला काय दिसत नाही का? पंधरा दिवस झाले. सकाळी नाश्ता नाही, रात्री जेवण नाही. मी मॅमला बोलून दिलं, मला नाही जायचं. तुम्ही उपाशी राहणार आणि मी तिथे विमानात बसून सँडविच खाऊ? मला नकोय असा समुद्र." मग आवाज फुटला तिचा. "पट्ट्याला नवीन भोक पाडलंय तुम्ही. पाहिलं मी. इतके बारीक झालात तुम्ही!"

बायकोने पदर तोंडात कोंबला. तिला रडू येतं आहे असं मुलीला वाटलं असावं.

मी खरं सांगतो, क्षणभर मोह झाला. माझ्याकडे त्या नजरेने आजवर कुणी बघितलं नव्हतं. लेकीसाठी अन्न सोडणारा बाप! मी गप्प राहिलो असतो तर जन्मभर तो मान मिळाला असता, आणि पुरावा माझ्या पट्ट्यालाच होता. फक्त भोक कोणत्या बाजूला आहे ते तिने बघितलं नव्हतं. पण मी गप्प राहिलो असतो तर ती गेली नसती. तिच्या डोळ्यांत ते स्वच्छ दिसत होतं.

मी कपाट उघडलं. तेरा स्टीलचे तांबे, एकात एक बसवलेले, आणि तेरा पंचे. मग सगळं सांगितलं. गुरुजी, धोतर, वडे, खीर, व्हिडिओ कॉल. पट्ट्याचं भोकही दाखवलं.

तिने तांब्यांकडे बघितलं. मग एकदम हसत सुटली. हसता हसता खाली बसली. मग तितक्याच एकदम तिला राग आला. "आणि माझं भाषण? मी थर्मास जिंकला त्याच्यावर! तळमजल्यावरचा भाडेकरू!"

"ते भाषण बरोबरच होतं," मी म्हटलं. "फक्त त्यात फी धरलेली नव्हती."

"पंधरा दिवस मी तुमच्यासाठी डब्यातून पोळी वाचवत होते. रोज मांजरीला घालावी लागली."

"सॉरी."

ती पुन्हा तांब्यांकडे वळली. एकेक मोजायला लागली. हा कुणाकडचा, तो कुणाकडचा, असं विचारत गेली. मी सांगत गेलो. तेरावा झाल्यावर ती थांबली, आणि भांडण्याच्या सुरात नव्हे, अगदी साधेपणाने, माहिती विचारावी तसं म्हणाली, "म्हणजे सगळ्यांचे बाबा, आजोबा आपल्याकडून जेवले. मग आपले आजोबा कुठे जेवले?"

मी तांबे परत एकात एक बसवायला लागलो. बायको मशीनकडे गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. ज्यांना तिथीला जमलं नाही, त्या सगळ्यांचं त्या दिवशी करता येतं. माझं सगळ्यात मोठं घर त्याच दिवशी होतं, दक्षिणा एकवीसशे, आणि ती धरली तरच नऊ हजारांचा हिशोब जुळत होता. सकाळी सहाला मी गुरुजींना फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं.

"का हो? तब्येत?"

"घरी आहे आज. वडिलांचं."

गुरुजी चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मग तुमच्याकडे पानावर कोण बसणार? मी आज आठ घरांत आहे."

"बघतो काहीतरी," मी म्हटलं.

बायकोने तोवर तांबे पिशवीत भरले होते. श्राद्धाची भांडी विकणारा दुकानदार ती अर्ध्या किमतीत परतही घेतो, हे तिला पहिल्या आठवड्यापासूनच माहीत होतं. दुकानदाराने तांबे ओळखले म्हणे. त्यातला एक या पंधरवड्यात त्याच्याकडून दुसऱ्यांदा बाहेर पडणार होता. तांबे, पंचे आणि तिच्या नवमीच्या दोन्ही नव्या साड्या मिळून जे आलं त्यात हप्ता बसला, वर साठ रुपये उरले. एक तांब्या तिने मागे ठेवला. दुपारी बाराला मी फोनवरून पैसे भरले आणि मुलीचं नाव परत यादीत गेलं.

मग स्वयंपाक झाला. वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. आमच्या घरात तो वास कित्येक वर्षांनी आला. पान वाढलं, उरलेला तांब्या शेजारी ठेवला. पाटावर कोण बसणार यावर चर्चा झालीच नाही. मुलगी युनिफॉर्ममधे येऊन बसली. शास्त्रात हे बसत नाही हे मला माहीत होतं. पण शास्त्राने मलाही तेरा घरी बसवून घेतलं होतं, तेव्हा ते फारसं कडक नसावं.

मंत्र मला येत नव्हते. जेवढे कानावर पडून पाठ झाले होते तेवढे म्हटले, बाकी ठिकाणी वडिलांचं नाव घेतलं. ती न बोलता जेवली, नियमाप्रमाणे. शेवटी मी हात जोडले. पंधरा दिवस हा प्रश्न लोक मला विचारत होते. तो आपण कुणाला विचारायचा म्हणजे इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. मी तिच्या पानाकडे बघत म्हटलं, "तृप्ताः स्थ?" आणि तिला संस्कृत कळणार नाही म्हणून मराठीतही विचारलं, "तृप्त झालात?" तिला मी अहो-जाहो कधी केलेलं नव्हतं.

"काय म्हणायचं असतं?" तिने कुजबुजून आईला विचारलं.

आईने सांगितलं.

ती लगेच म्हणाली नाही. तिने डोळे मिटले. धारच्या म्हातारबुवांची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. ती तशीच बसून राहिली आणि मग डोळे उघडून म्हणाली, "आजोबांनी समुद्र पाहिला होता का?"

"नाही."

"मग अजून नाही." आणि तिने आणखी एक वडा मागितला.

दिवाळीनंतर ती गेली. इंदूरच्या विमानतळावर सोडायला गेलो, तर तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. विमानं बघण्यात गुंग होती. दोन दिवस काही निरोप नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत डबा काढून बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. फोटो होता. वाळूत तिचे पाय, पायांवरून परतणारं पाणी. पाण्याच्या काठाशी तिच्या पायांशेजारी आमचा स्टीलचा तांब्या उभा होता. तो तिने कधी बॅगेत टाकला ते मला माहीत नव्हतं, आणि बायकोने माहीत असल्याचं कबूल केलं नाही. फोटोखाली तिने मराठीत लिहिलं होतं. तिला मराठी नीट लिहिता येत नाही, हिंदी शाळेत शिकलेली. ऱ्हस्व-दीर्घ सगळं उलटंपालटं होतं. पण वाचता येत होतं.

"बाबा त्रूप्ता स्म: झालो. आम्ही."

डब्याचं झाकण उघडायचं राहून गेलं. घंटा झाली. शेजारी बसणाऱ्या हिंदीच्या सरांनी जाता जाता माझ्या बंद डब्याकडे बघून विचारलं, "क्या भिया, आज भी व्रत है?"

मी डबा पिशवीत ठेवला आणि म्हटलं, "नहीं भिया, जीम लिए."